भालेरावांनी मोजलेलं घर

काशिनाथ भालेराव यांच्यासमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते हेड ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर. त्यांनी पेन्सिलने काढलेलं ड्रॉइंग मी ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचं, मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, माझी पहिलीच नोकरी. पहिल्याच आठवड्यात एका व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवरचं माप पुसट झालं होतं. विचारायला जायची भीती वाटली, म्हणून शेजारच्या आकड्यांवरून ताडलं आणि लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते ट्रेसिंग हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे.

“पाटणकर, हे पाहून लिहिलंत की ठरवून?”

“अंदाजे साठ वाटलं, साहेब.”

“अंदाज पावसाचा करतात,” ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर ट्रेसिंगचे दोन तुकडे केले. तीन दिवसांचं काम होतं ते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि त्यांना येतील तेवढ्या शिव्या घातल्या. माझा स्वभावही काही कमी तापट नाही. महिनाभर मी त्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ठेंगणी मूर्ती, पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं भर मे महिन्यातही लावलेली. खिशात तीन पेन्सिली, तिन्ही ब्लेडने तासलेल्या. शार्पनरला ते ‘शाळकरी’ म्हणत. राहायला उल्हासनगरला, बराकीतल्या दोन खोल्यांत. अंबरनाथ स्टेशनपासून कारखान्यापर्यंत सगळे शेअर रिक्षाने यायचे, भालेराव बहुतेक वेळा चालत. कारण रिक्षावाला पाचवा माणूस कोंबायला लागला की हे उतरायचे आणि खालून त्याला सुनवायचे, “परवाना तीनचा आहे. वाच, मागे लिहिलंय.” भाडं मात्र पूर्ण द्यायचे. शेवटी रिक्षावालेच त्यांना लांबून बघून हात जोडायला लागले. “साहब, आप पैदल ही अच्छे हो.” भालेराव यावर खूश होते, असं मला नेहमी वाटत आलं.

चिडणं हा त्यांचा जोडधंदा होता. चहात साखर जास्त, चिडले. बैठकीला साहेब दहा मिनिटं उशिरा, चिडले. पण चार टेबलांपलीकडे ऐकू जाईल असा त्यांचा आवाज चढे तेव्हा नव्वद टक्के वेळा ते बरोबर असत, आणि हाच लोकांचा खरा वैताग होता. चुकीच्या माणसाचं ओरडणं सोसता येतं, बरोबर असलेल्या माणसाचं फार लागतं.

एकदा त्यांच्या खणात रबर शोधताना मला एक निळी फाइल दिसली. आत व्हॉल्व्ह नव्हते, फ्लँज नव्हते. एक कौलारू घर होतं, त्याचा नकाशा, त्याचे उभे छेद, एकेका सांध्याची वेगळी आकृती. बाजूला गोठा, भाताचं कोठार, पेंढ्याची माडी आणि खळं.

“हे कुठलं, साहेब?”

“पालेगावच्या पलीकडे. भोईरांचं शेतघर आहे. गिरवाल का? पैसे नाहीत मिळणार.”

“गिरवीन.”

“मग आधी रविवारी पाहायला या. न पाहता गिरवायचं नाही.”

त्या रविवारी मी बदलापूरहून अंबरनाथला उतरले. ते पूर्वेला तिकीट खिडकीपाशी कापडी टेपचं चामडी डबडं काखेत धरून उभे होते. पालेगावपर्यंत रिक्षा, पुढे बांधाबांधाने वीसेक मिनिटं चाल. टेकडीच्या पायथ्याशी ते घर होतं. मी खरं सांगते, पहिल्यांदा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या भागात अशी घरं शिल्लक होती तेव्हा. दगडी जोतं, पुढे लांबलचक ओटी, काळपट पडलेले सागाचे खांब, कारवीच्या कुडाच्या शेणाने सारवलेल्या भिंती. बाकीच्या इमारती घराला विचारून उभ्या केल्यासारख्या त्याच्याभोवती होत्या.

“काय दिसलं?” भालेरावांनी विचारलं.

“जुनं घर.”

“जुनं तर आमच्या बराकीचं छप्परही आहे,” ते खेकसले. मग त्यांनी मला दोन तास उन्हात फिरवलं. खांब आणि तुळई यांच्यात एकही खिळा नाही, नुसती लाकडात लाकूड बसवून सागाची खुंटी मारलेली, हे हात लावून पाहायला लावलं. कोठार गुडघाभर उंच दगडी खुंटांवर का आहे आणि त्या खुंटांच्या डोक्यावर चपटे दगड का ठेवलेत, तर उंदराला चढता येऊ नये म्हणून. चुलीचा धूर पेंढ्याच्या माडीखालून जातो आणि पेंढ्याला कीड लागत नाही. संध्याकाळचा वारा गोठ्याच्या फटींतून शिरून कोठाराखालून निघतो आणि भात दमट होत नाही.

“आता गोठा पाडला तर काय होईल?”

“गुरं उन्हात येतील.”

“भात कुजेल! लोक घर बघतात आणि म्हणतात, वा, काय खांब आहेत. गोठ्याला म्हणतात शेड. शेड नाही ती. या घराचं फुप्फुस आहे ते.”

घरमालक बळीराम भोईर भालेरावांच्याच वयाचा, चाळिशी ओलांडलेला. टेप घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तर होता. “मास्तर, वर या ना ओटीव. उन्हात कनाला बसताव?” असं तो दर वेळी म्हणायचा. भालेराव “येतो येतो” म्हणत आणि खळ्याच्या कडेलाच कागद पसरून बसत. चहा तिथेच, आणि जेवायची वेळ झाली तर बळीरामची बायको यमुनाबाई तांदळाची भाकरी आणि कालवण तिथेच आणून द्यायची. मला वाटलं, उजेड चांगला असतो म्हणून बाहेर बसतात. माझ्यासारख्या बाईला, जिच्या घरच्यांना कुठल्याही ओटीवर चढताना कधी विचार करावा लागला नाही, तिला एवढंच सुचणार.

पुढचं वर्षभर मी डब्याच्या सुट्टीत ते घर गिरवत होते. गिरवता गिरवता एक गंमत कळली. मापं फुटांत नीट बसत नव्हती. दोन खांबांमध्ये नऊ फूट दीड इंच. ओटीची उंची तीन फूट अर्धा इंच. मी म्हटलं, सुताराची कारागिरी ढिसाळ असणार. भालेरावांनी कपाळावर हात मारला.

“सुताराकडे फूटपट्टी कुठे होती? त्याच्याकडे त्याचा हात होता. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. सव्वाअठरा इंच. आता भागा.”

मी भागलं. खांबांमध्ये सहा हात, ओटी दोन हात, कोठारापासून ओटीपर्यंत चौदा हात. सगळं घर, गोठा, कोठार, अगदी खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचा खांब, रोवायचा खड्डासुद्धा त्या एका माणसाच्या हाताने मोजलेला. शंभरेक वर्षांपूर्वी मेलेला कोणी सुतार आमच्या कॅलक्युलेटरवर उगवला, त्याचा मला केवढा आनंद झाला. मी आकडे मोठ्याने वाचत गेले आणि भालेराव खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले.

“खळ्याच्या टोकाला एक काळा चपटा दगड दाखवलाय,” मी म्हटलं. “ओटीपासून एकतीस फूट सव्वाअकरा इंच. म्हणजे बरोब्बर एकवीस हात. हा कशासाठी?”

“माझ्या आज्यासाठी,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आजा त्या गावचा. भात झोडून झालं की वर्षभराच्या राबणुकीचं बलुतं घ्यायला तो खळ्यावर यायचा आणि त्या दगडावर उभा राहायचा. त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. तिथे धोतराचा सोगा पसरून उभं राहायचं, मग गडी येऊन वरून भात ओतायचा. सावली कोणावर पडणार नाही इतकं अंतर राखून. छप्पन साली भालेरावांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला, गाव सोडलं आणि उल्हासनगरच्या एका गिरणीत कामाला लागले. मुलाला शिकवलं. त्या दगडाबद्दल मात्र ते मरेपर्यंत बोलत.

“मला वाटायचं, तो दगड असाच पडलेला असेल,” भालेराव म्हणाले. “पडलेला नाही. मोजून ठेवलाय. ज्या हाताने ओटी मोजली, त्याच हाताने. घर आखतानाच ठरलं होतं माझा आजा कुठे उभा राहणार ते. हे कोण मानणार, पाटणकर? पुस्तकात लिहिलेलं लोक नाकारतात. भाषण केलं तर म्हणतात, झालं गेलं विसरा. इथे माप आहे. माप कसं नाकारणार?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस दर रविवारी कशासाठी उन्हात बसतो. त्याला ते घर वाचवायचं होतं, पण नुसते खांब नाहीत, सगळंच्या सगळं. कारण खळ्याशिवाय आणि त्या दगडाशिवाय ते घर म्हणजे अर्धं सांगितलेलं खोटं होतं.

ट्रेसिंग पुरं झालं तेव्हा आम्ही प्रिंट काढायला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये गेलो. मागच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर, आणि त्यात एका सिंधी काकांचं अमोनिया प्रिंटचं दुकान. काकांनी कागद मशिनीच्या रुंदीत बसावा म्हणून कडा कापून प्रिंट काढली. कापलेल्या पट्टीत खळ्याचं टोक गेलं होतं.

“ये क्या किया?” भालेराव कडाडले.

“साईं, घर तो पूरा आया ना! किनारे में क्या रखा है, खाली जमीन है.”

“किनारे में मेरा दादा खडा है!”

काका बिचारे घाबरून गल्ल्यामागे सरकले. कसला दादा आणि कसला किनारा, त्यांना काय कळणार. पण त्यांनी मुकाट्याने दोन तुकड्यांत प्रिंट काढून मागून चिकटवून दिली, आणि पैसे एकाच प्रिंटचे घेतले. भालेरावांनी दोनचे दिले.

ती प्रिंट बळीरामला दाखवायला नेली. आपलं घर कागदावर बघून तो हरखला. यमुनाबाईंनी चूल कुठे आहे ते शोधून काढलं. मग बळीराम खळ्याच्या टोकाशी आला आणि थांबला. तिथे भालेरावांनी माझ्याकडून स्वच्छ अक्षरांत लिहून घेतलं होतं : ‘बलुतं घेणाऱ्या महार माणसांनी उभं राहण्याचा दगड. ओटीपासून २१ हात.’

“मास्तर, यो लिवायलाच पायजे का?” बळीराम खाली बघत म्हणाला.

“खोटं आहे का?”

“खोटा नाय. माझ्या बापालाबी म्हाईत व्हता. पन चार लोक वाचतील, तर आमच्या घराला क बोलतील?”

“तुझ्या घराला खांबांचं कौतुक चालतं ना? मग दगडाचं सोसायला हवं.”

बळीराम कागदाच्या चिकटवलेल्या जोडावरून बोट फिरवत राहिला. भोईर काही वाईट माणूस नव्हता. त्याला मनापासून लाज वाटली होती, आणि ती लाज घेऊन काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, “ऱ्हावं द्या मग.” आणि आत जाऊन भालेरावांसाठी पपई कापून घेऊन आला.

नव्वदनंतर आमच्या भागात शेतांचे प्लॉट पडायला लागले. पालेगावच्या वाटेवर चुन्याच्या रेघा दिसू लागल्या, भोईरांच्या घरापर्यंत गाडी जाईल असा कच्चा रस्ता झाला. त्याच सुमाराला जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायला एक कमिटी नेमली गेली. यादीत नाव लागलं तर घर पाडता येणार नव्हतं आणि डागडुजीला मदत मिळणार होती. भालेरावांनी सगळी ड्रॉइंग जोडून अर्ज केला. वर्षभर पत्रं लिहिली. एका कारकुनाने ‘फार्महाऊस म्हणजे पिकनिकचं का?’ असं विचारलं, त्याचं त्यांनी काय केलं असेल ते मी सांगत नाही. शेवटी एका गुरुवारी पत्र आलं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी कमिटी पाहणीला येणार होती.

नेमकं तेव्हा कारखान्यात शटडाऊन. वर्षातून एकदा सगळा प्लांट उघडून तपासायचा, आणि हेड ड्राफ्ट्समनला हलता येत नाही. त्यांनी मला बोलावलं.

“भोईरांकडे जाऊन सांगा, अमुक रविवारी लोक पाहायला येणार. एवढंच सांगा.”

मी गेले. बळीराम शेतावर होता. यमुनाबाई ओटीवर भात पाखडत होत्या. मी निरोप दिला. एवढंच सांगितलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण निघताना, चप्पल घालता घालता, मी म्हणाले, “मुंबईचे मोठे लोक आहेत हो वहिनी. जरा आवरून ठेवा.”

आपल्याकडे कुठलीही बाई दुसऱ्या बाईला हेच म्हणते. पाहुणे येणार, आवरून ठेवा. मी म्हणजे चादरी बदला, अंगणात सडा टाका, एवढंच म्हणत होते. यमुनाबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, “किती मान्सा? जेवान करू का?” मी म्हटलं, करा.

त्या रविवारी भालेरावांनी कशीबशी सुट्टी काढली. कमिटीची गाडी आणि आम्ही एकाच वेळी पोचलो. मी बांधावरून घर बघितलं.

सागाचे खांब चॉकलेटी ऑइलपेंटने चकचकत होते. दारांच्या चौकटी हिरव्या. कुडाच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर गुलाबी डिस्टेंपर. कोठाराखालची दगडी खुंटांमधली जागा विटा लावून बंद केलेली, ‘घूस जाते’ म्हणून. गोठ्याची पुढची बाजू पाडली होती, कारण साहेबांची गाडी सावलीत उभी राहायला हवी. गुरं बांधावर नेऊन बांधली होती. आणि सगळं खळं सिमेंटने गुळगुळीत करून त्यावर भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येक खुर्चीला पांढरी खोळ. भोईरांच्या भावकीतले वीस जण दहा दिवस राबले होते. दारात तोरण होतं. बळीराम नव्या टोपीत हात जोडून उभा होता. “या, या,” म्हणत होता.

भालेराव एका जागी थिजले.

कमिटीचे तिघे होते. त्यातले अध्यक्ष आर्किटेक्ट. ते ओटीसमोर पाच मिनिटं उभे राहिले, एका खांबावर टिचकी मारली आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “अहो, यात मूळचं काही राहिलेलंच नाही.”

“खाली आहे!” भालेराव धावले. खिशातलं ब्लेड काढून त्यांनी खांबाचा रंग खरवडला. “हे बघा, साग. दहा दिवसांचा रंग आहे हा. पातेल्याला काजळी लागली म्हणून तांबं पितळ होत नाही. आणि ही ड्रॉइंग बघा, हात मोजा, सांधे बघा...”

“ड्रॉइंग उत्तम आहेत तुमची,” अध्यक्ष म्हणाले. “पण आम्ही ड्रॉइंगची यादी करत नाही. शिवाय हे आउटहाऊसेस वगैरे आमच्या कक्षेत येत नाहीत.”

“आउटहाऊस नाहीत ती! हेच तर घर आहे!”

आवाज टेकडीपर्यंत गेला असेल. भावकीतली माणसं चपापली. मला आजही संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. एवढं ऐकून घेऊन ते तिघे खुर्च्यांवर बसले आणि जेवले. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, वर खीर. “ऑथेंटिक” म्हणाले. भाकरीला! एकाने यमुनाबाईंकडून वाटणाची कृती लिहून घेतली. ज्या हातांनी दहा दिवस भिंती लिंपल्या त्या हातांचं खाल्लं, ढेकर दिला, आणि त्यांचं घर खोडून गाडीत बसले. नखाएवढा रंग आणखी खरवडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

गाडी गेल्यावर बळीराम भालेरावांपाशी आला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. तोंडावर हसू होतं, लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसं.

“मास्तर, एक काम तुमच्यासाठी खास केला. त्यो दगड काढून टाकला. आता तुमच्या मान्सांना कोन काय बोलनार नाय. निशानीच नाय ठेवली.”

“कुठे आहे?” भालेरावांनी विचारलं.

“फोडून सोलिंगला टाकला. तुमी उभे हाव ना, त्याच्या खाली.”

मला वाटलं आता हा माणूस आभाळ फाडणार. पण त्यांचा आवाज चढला नाही. ते खळ्याच्या त्या नव्या करड्या सिमेंटकडे बघत म्हणाले, “बळीराम, तुझ्या पणज्याने माझ्या आज्याला तिथे उभा केला, याला एकच साक्षीदार होता. माझ्या आज्याचं सांगणं कोणी ऐकलं नाही, बापाचं ऐकलं नाही. त्या दगडाचं ऐकावं लागलं असतं. तू तो माझ्या प्रेमापोटी फोडलास. आता मी तुझ्यावर रागावू कसा, ते सांग.”

बळीरामचं हसू हळूहळू गेलं. त्याने टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. यमुनाबाई ओटीवरून माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली घातली.

बाकीचं व्हायचं तसंच झालं. यादी निघाली, घर त्यात नव्हतं. भालेरावांनी फेरविचाराचे अर्ज केले, दोनदा मुंबईला जाऊन कोणाच्या तरी केबिनबाहेर दिवसभर बसले आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत भांडून बाहेर आले. भोईरांच्या भावकीने जमीन विकली. गिलाव्याने कोंडलेला कूड एका पावसाळ्यात आतून कुजला होता आणि कोठारातल्या भाताला बुरशी आली होती, मग पाडायला कोणाला वाईटही वाटलं नाही. तिथे चार मजल्यांच्या बिल्डिंगी झाल्या. बिल्डरच्या माहितीपत्रकावर काय छापलं होतं सांगू? भोईरांच्या घराचा दर्शनी भाग. माझ्या हातची रेघ मी ओळखते. अर्जाला जोडलेलं ड्रॉइंग कमिटीच्या फाइलमधून तिथे कसं पोचलं ते देव जाणे. गोठा, कोठार, खळं, सगळं कापून टाकलं होतं. भालेरावांचं नाव असलेली पट्टीही. मी ते माहितीपत्रक फाडून फेकलं, त्यांना दाखवलं नाही. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं, हे नंतर कळलं.

मी काय बोलले होते ते मी त्यांना सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगीन. मग त्यांचा चेहरा बघायचे आणि शाईची बाटली पुढे ओढायचे. कारखाना बंद पडला, ते निवृत्त झाले, माझं लग्न झालं. पाच-सहा वर्षं अशीच गेली.

नव्वदचं दशक संपता संपता बदलापूरच्या पुढच्या एका गावात मी एका लग्नाला गेले होते. मांडवामागून जुनाट गोठ्याकडे जाणारी वाट होती आणि गोठ्याच्या दारात पांढऱ्या फुल शर्टातली ठेंगणी मूर्ती वाकून गव्हाण मोजत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. बाह्यांची बटणं लावलेली.

“पाटणकर,” मला बघून ते म्हणाले. माझं आडनाव बदलल्याचं त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी मानलं नाही. हे घरही जाणार होतं, तीन महिन्यांत, म्हणून ते रोज येत होते. इथे यादी नाही, कमिटी नाही. नुसतं मोजून ठेवायचं होतं.

मी शालू सावरत दारात उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मीच यमुनाबाईंना म्हणाले होते, आवरून ठेवा. रंग, सिमेंट, दगड, सगळं माझ्या त्या एका वाक्याने झालं.

ते वाकलेलेच होते. “माहीत आहे,” ते म्हणाले. “यमुनाबाईंनी त्याच दुपारी सांगितलं.”

साखर जास्त पडली तर कारखाना डोक्यावर घेणारा माणूस. माझ्यासमोरच्या टेबलापाशी त्यानंतर वर्षानुवर्षं बसला होता.

“मग मला काही बोलला का नाहीत, साहेब?”

ते उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं.

“बोललो असतो तर तुम्ही रडून, माफी मागून मोकळ्या झाल्या असता,” ते म्हणाले. “मी कशाला मोकळं करू तुम्हाला? मी झालोय का?”

मांडवात सनई लागली होती. ते परत वाकले, टेपचं टोक गव्हाणीच्या कडेला लावलं आणि आकडा मोठ्याने वाचला. सात फूट साडेतीन इंच. जवळ वही नव्हती. मी पर्समधून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं.